उजव्या चाकाची घरघर: बेअरिंग बदलूनही आवाज तसाच

यवतेश्वर (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्याकडे २०१६ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते, मागे ड्रम ब्रेक आहेत आणि गाडी आजवर ८७,००० किलोमीटर चालली आहे. गेल्या महिन्यात साताऱ्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट या मार्गाने आम्ही चिपळूणला जाऊन आलो. परतताना पाटणच्या अलीकडे एका ओढ्याच्या फरशीवरून पाणी वाहत होते. ते चाकाच्या निम्म्यापर्यंत असावे. थांबायला हवे होते, पण पुढची गाडी गेली म्हणून मीही गाडी घातली. हा शहाणपणा नव्हता, हे आधीच कबूल करतो.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी गाडीतून एक आवाज येऊ लागला. ताशी ४० किलोमीटरच्या पुढे तो जाणवतो, ७० ला इतका वाढतो की रेडिओ मोठा करावा लागतो, आणि वेग कमी केला की आपोआप विरतो. ब्रेक दाबल्याने त्यात फरक पडत नाही. सपाट, मोकळ्या रस्त्यावर इंजिन चालू ठेवून क्षणभर गाडी न्यूट्रल केली, तरी आवाज तसाच राहिला. रस्ता डावीकडे वळला की तो वाढतो आणि उजवीकडे वळला की बराच कमी होतो. मला तो माझ्या उजव्या पायाच्या पुढून, म्हणजे पुढच्या उजव्या चाकातून येतो असे वाटत होते. गॅरेजवाल्यांनी एक फेरी मारली आणि तेही तेच म्हणाले. त्यांनी पुढचे उजवे बेअरिंग, म्हणजे चाक ज्यावर फिरते ते छर्ऱ्यांचे कडे, बदलले. सुटा भाग, प्रेसचे (दाबयंत्राचे) काम आणि मजुरी धरून ४,२०० रुपये झाले.

पहिल्या दिवशी आवाज थोडा कमी झाल्यासारखा वाटला, पण तो बहुधा पैसे खर्च झाल्याचा परिणाम असावा. दुसऱ्या दिवशी महामार्गावर गाडी काढली तेव्हा आवाज होता तसाच होता. आता गॅरेजचे म्हणणे असे की चारही टायर बदलून पाहावेत. टायर २०२१ मध्ये घेतलेले आहेत आणि त्यांची नक्षी अजून बरीच शिल्लक आहे. एवढा खर्च करण्यापूर्वी आणखी काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना चालक

बाकी चर्चा होत राहील. आधी चाकाचा पाना काढा आणि चारही चाकांचे नट घट्ट आहेत का ते पाहा. ज्या चाकाला नुकताच गॅरेजमध्ये हात लागला आहे, ते सर्वांत आधी. चाक काढून परत बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालवून नट पुन्हा एकदा आवळावेत, हे पूर्वीचे चालक न सांगता करत. हल्ली हवेच्या गनने नट बसवले की सगळ्यांना ते कायमचे बसले असे वाटते. सैल नटाचा आवाज तुमच्या वर्णनाशी जुळत नाही, तो कमी वेगात खटखट असा येतो आणि स्टिअरिंगही थरथरते. पण चाकाचा कोणताही आवाज असला तरी पहिली तपासणी हीच करावी, कारण इथे चूक झाली तर पुढचे काही तपासायला आपण शिल्लक राहू याची खात्री नसते.

तेलकट हात

मी कोल्हापुरात २६ वर्षे गॅरेज चालवले. आता मुलगा पाहतो आणि मी खुर्चीत बसून सल्ले देतो.

माझी पद्धत अशी होती की गिऱ्हाईक "आवाज येतो" म्हणाले की मी विचारायचो, आवाजाचे नाव काय? आपल्या भाषेत आवाजांना इतकी नेमकी नावे आहेत की निम्मे निदान त्या शब्दातच होते. कटकट आणि खटखट वेगळी, खरखर आणि घरघर वेगळी.

स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी वळणातून उचलताना कटकटकट असे ओळीने मोजता येणारे आवाज आले, तर ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या जॉइंटकडे पाहावे. त्याचे रबरी बूट फाटलेले असते आणि चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेले दिसते. गतिरोधकावर किंवा खड्ड्यात एकदाच खट् असे वाजले, तर लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट किंवा शॉकअपचे वरचे माउंट यांपैकी काहीतरी ढिले झाले आहे. जागेवर स्टिअरिंग फिरवताना कर्र किंवा टण् असे झाले, तर त्याच माउंटमधले बेअरिंग पाहावे. किंचाळल्यासारखा बारीक आवाज सतत येतो आणि ब्रेक दाबल्यावर बदलतो किंवा थांबतो, तेव्हा ब्रेक पॅड झिजून त्यांची खुणेची पट्टी डिस्कला लागलेली असते. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा सकाळचा खरखराट हा डिस्कवरच्या गंजाचा असतो. दोन-चार वेळा ब्रेक लावले की तो जातो, त्यासाठी गॅरेजला जाऊ नये.

राहिली घरघर आणि घूं. वेगाबरोबर चढणारा, इंजिनाशी आणि ब्रेकशी संबंध नसलेला, सलग आवाज दोनच ठिकाणांहून येतो, टायर किंवा बेअरिंग. तुमचा आवाज यांतला कोणता आहे? सूर धरून चालणारा घूं आहे, की आत काहीतरी दळले जाते आहे अशी घरघर आहे? आणि गॅरेजने काढलेले जुने बेअरिंग तुम्ही मागून घेतले का? घेतले नसेल तर आजच आणा.

रोजचा हडपसर

माझा अनुभव अगदी लहान आहे, पण नोंदवते. एका रविवारी गाडीतून पत्रा घासल्यासारखा इतका भयंकर आवाज येऊ लागला की रस्त्यावरची माणसे वळून पाहत होती. मी घाबरून गाडी बाजूला घेतली. कारण निघाले एक बारीक खडी! ती ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागचा पातळ पत्रा यांच्यामध्ये अडकली होती. मेकॅनिकने गाडी दोन-तीनदा मागे-पुढे करवली, तशी ती पडून गेली. त्याने एक रुपयाही घेतला नाही. धागाकर्त्यांचा आवाज हा नाही हे कळते आहे, पण कुणी शोधत इथे आले तर उपयोगी पडेल.

यवतेश्वर

सर्वांचे आभार. नट तपासले, सगळे घट्ट आहेत.

तेलकट हात काका, तुमच्या प्रश्नावर आज मुद्दाम खिडक्या बंद करून गाडी चालवली. ५० पर्यंत तो घूं आहे. ६५-७० च्या आसपास त्यात घरघर मिसळते, विशेषतः डाव्या वळणावर. जुने बेअरिंग गॅरेजवाल्यांनी कुरकुर न करता दिले. ते हातात धरून फिरवले तर लोण्यासारखे फिरते, कुठेही अडत नाही. मला त्यातले फार कळत नाही, पण हे पाहून मन खट्टू झाले.

तेलकट हात

एक गोष्ट आधी सांगतो, म्हणजे गॅरेजवाल्यावर अन्याय होणार नाही. दाबून बसवलेले बेअरिंग काढताना त्याच्यावर उलटा जोर येतो आणि चांगले बेअरिंगही त्यात बिघडू शकते. म्हणून काढलेले बेअरिंग खरखरले तर ते आधीपासून खराब होते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. मात्र काढल्यानंतरही ते गुळगुळीत फिरत असेल, तर ७० च्या वेगाला रेडिओ झाकणारा आवाज त्याचा नव्हता, हे मी लिहून देतो. ४,२०० रुपये गेले ते गेले.

आता टायर. गाडी सावलीत उभी करा, चाक थंड होऊ द्या आणि तळहात टायरच्या नक्षीवरून आधी पुढच्या दिशेने, मग मागच्या दिशेने फिरवा. एका दिशेने गुळगुळीत लागले आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखे टोचले, तर अलाइनमेंट बिघडल्यामुळे टायर तिरके झिजले आहेत. आणि हात वर-खाली होतो आहे, जणू थोड्या थोड्या अंतरावर वाट्या आहेत असे वाटले, तर शॉकअप किंवा बॅलन्सिंगकडे पाहावे लागेल. असे टायर हुबेहूब बेअरिंगसारखे गुणगुणतात आणि भल्याभल्यांना फसवतात. मीही फसलो आहे, एकदा नव्हे.

नादबिंदू

मी ध्वनी आणि कंपन यांच्याशी संबंधित क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडे आकड्यांत बोलतो.

धागाकर्त्यांच्या टायरचा आकार १६५/८० आर १४ आहे असे गृहीत धरतो, कारण या वर्गातल्या अनेक गाड्यांचा तोच असतो. अशा चाकाचा बाहेरचा व्यास साधारण ६२ सेंटिमीटर आणि परीघ साधारण १.९५ मीटर भरतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजेच चाक सेकंदाला सुमारे साडेआठ फेरे घेते. ताशी १० किलोमीटरला हेच प्रमाण दीड फेऱ्यापेक्षाही थोडे कमी असते. त्यामुळे टायरमध्ये रुतलेला खिळा, सैल व्हील कॅप, वाकलेली डिस्क असे जे जे एका फेऱ्यात एकदाच वाजते, ते चालत्या माणसाच्या वेगात कानाने सहज मोजता येते. अशा आवाजाचे निदान नेहमी सर्वांत कमी वेगात करावे.

सलग घूं मात्र तेव्हाच ऐकू येतो, जेव्हा एका फेऱ्यात तीच घटना अनेकदा घडते. टायरच्या नक्षीचे ठोकळे परिघावर साधारण साठ-सत्तर असतात. बेअरिंगमध्ये डझनभर किंवा थोडे अधिक छर्रे असतात आणि रेसवर, म्हणजे छर्रे ज्यावरून धावतात त्या कड्यावर, पडलेल्या खड्ड्यावरून ते एकामागून एक जातात. दोन्ही आवाज चाकाच्या फेऱ्यांना बांधलेले असल्यामुळे वेगाबरोबर सारखेच चढतात. टायर आणि बेअरिंग यांत गल्लत होते ती याच कारणाने, मेकॅनिकचा कान कच्चा असतो म्हणून नव्हे.

मग फरक कसा करायचा? रस्ता बदला, वेग तोच ठेवा. टायरचा आवाज रस्त्याच्या पृष्ठभागावर अवलंबून असतो. नव्या, गुळगुळीत डांबरावर तो एकदम मऊ होतो आणि खरखरीत डांबरावर किंवा सिमेंट काँक्रीटवर वाढतो. बेअरिंगला रस्ता कसला आहे याचे काही देणेघेणे नसते, त्याला फक्त वेग आणि भार कळतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून जुन्या महामार्गाला उतरताना कोणत्याही गाडीत हा फरक ऐकता येतो. तुमच्याकडे डांबराचा नवा थर आणि जुना रस्ता जिथे एकमेकांना मिळतात, अशी एखादी जागा शोधा आणि ६० चा वेग स्थिर ठेवून तो सांधा ओलांडा.

दुसरा प्रयोग म्हणजे पुढची चाके मागे आणि मागची पुढे करणे. टायरच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल, तर चाक त्याच बाजूला ठेवावे, उजव्याचे डावीकडे नेऊ नये. अदलाबदलीनंतर आवाजाची जागा किंवा सूर बदलला, तर टायर दोषी समजावेत.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ च्या महापुरात आमच्या आळीतल्या बहुतेक गाड्या पाण्याखाली होत्या. इंजिन, वायरिंग आणि आसने यांची दुरुस्ती सगळ्यांनी केली, विम्याचे कागदही रंगवले. पण चाकांच्या बेअरिंगकडे कुणी पाहिले नाही. नंतर कुणाची दोन महिन्यांनी, कुणाची सहा महिन्यांनी अशी एकेक गाडी घरघरू लागली. माझ्या गाडीची पुढची दोन्ही आणि मागचे एक बेअरिंग गेले.

कारण समजून घेण्यासारखे आहे. लांबचा प्रवास आणि घाटातले ब्रेक यांमुळे हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, तापलेला असतो आणि आतली हवाही गरम होऊन फुगलेली असते. तो एकदम गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलच्या (बेअरिंग झाकणाऱ्या रबरी कड्याच्या) ओठातून पाणी आत ओढले जाते. सील कितीही चांगले असले तरी ते शिंतोडे अडवण्यासाठी असते, बुडवून ठेवण्यासाठी नव्हे. पाणी ग्रीसमध्ये मिसळते, गाडी उभी राहते, छर्ऱ्यांवर आणि रेसवर गंजाचे ठिपके धरतात आणि मग गाडी चालेल तसे ते ठिपके उखडत जातात. म्हणूनच आवाज पाण्यातून गेल्या दिवशी येत नाही, काही दिवसांनी येतो. तुमचे दहा-बारा दिवस यात चपखल बसतात.

आता माझा प्रश्न. तुमच्या गाडीत मागे कोण बसते?

यवतेश्वर

वाशिष्ठीकाठ यांचा प्रश्न वाचून मी काही वेळ गप्प बसलो.

मागे माझी आई बसते, नेहमी उजव्या बाजूला, म्हणजे माझ्या पाठीमागे. आवाज सुरू झाल्यापासून ती म्हणते आहे की माझ्या आसनाखाली गिरणी चालू आहे. मी तिला दोनदा सांगितले की आई, आवाज पुढून येतो आहे, तुला गाडीतले कळत नाही.

आज मी स्वतः मागे बसलो आणि मेहुण्याला गाडी चालवायला दिली. लिंब फाट्याकडे जाताना त्याने गाडी ७० ला नेली. आवाज माझ्या मांडीखाली होता. पायाखालची फरशीसुद्धा बारीक थरथरत होती. नादबिंदू यांनी सांगितलेला रस्त्याचा प्रयोगही केला. नवे डांबर लागले तेव्हा टायरचा सळसळाट कमी झाला आणि त्याच्या आडून घूं उलट अधिक स्पष्ट ऐकू आला. टायरवरून हात फिरवला, चारही टायर दोन्ही दिशांनी सारखेच लागतात. चाकांची अदलाबदल अजून केलेली नाही, आता तिची गरज आहे का?

तेलकट हात

गरज नाही. आईंना माझा नमस्कार सांगा.

आता चूक कुठे झाली ते पाहू. गाडी डावीकडे वळताना तिचे वजन उजवीकडे झुकते आणि उजव्या चाकांवर भार वाढतो. "चाकांवर" म्हणालो, "चाकावर" नाही. वळणाची परीक्षा फक्त बाजू सांगते, पुढचे की मागचे हे सांगत नाही. तुम्ही पुढे बसला होता, मेकॅनिक पुढे बसला होता, आणि पत्र्याच्या मोनोकॉक (सांगाडा आणि पत्रा एकसंध असलेल्या) गाडीत मागचा आवाज फरशीतून, दाराच्या खालच्या पट्टीतून पुढपर्यंत येतो. दोघांनी बाजू बरोबर ओळखली, चाक चुकवले. शिवाय ही परीक्षाही शंभर टक्के नसते. बेअरिंगमध्ये छर्ऱ्यांच्या दोन रांगा असतात आणि वळणावर भार एका रांगेवरून दुसरीवर सरकतो. खराब रांग कोणती आहे त्यावर कधीकधी उलटाही अनुभव येतो.

मागचे चाक घरी तपासता येईल, मात्र मी सांगतो त्याच क्रमाने तपासा. मागचे चाक हाताने फिरवायचे तर हँडब्रेक सोडावा लागतो, आणि हँडब्रेक सोडून जॅकवर उचललेली गाडी कधीही घसरू शकते. म्हणून जागा सपाट आणि पक्की हवी. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. वीट लावू नका, ती फुटते. जॅक गाडीच्या नेमून दिलेल्या खाचेतच लावा आणि उचलल्यावर शेजारी स्टँड लावून गाडी त्यावर टेकवा. हे सगळे झाल्यावरच हँडब्रेक सोडा. गाडीखाली कोणत्याही कारणाने शिरू नका.

मग चाक वर आणि खाली धरून आतबाहेर हलवा. जाणवेल इतकी खेळ, म्हणजे सैलपणा, असेल तर बेअरिंग फार बिघडले आहे. पण खेळ नसली म्हणून बेअरिंग चांगले असे समजू नका, आवाज खेळीच्या कितीतरी आधी सुरू होतो. त्यानंतर एका हाताने चाक फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटे सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर अलगद टेकवा. ड्रम ब्रेकच्या शूजचा (आतून घासणाऱ्या पट्ट्यांचा) हलका सूं-सूं ऐकू येईल, तिकडे लक्ष देऊ नका. कानाने ऐकू नका, बोटांनी ऐका. आणि एकाच चाकावरून निष्कर्ष काढू नका, डावे चाकही त्याच पद्धतीने पाहा. तुलना केल्याशिवाय "खरखर" म्हणजे किती खरखर, हे कळत नाही.

जुना चालक

तेलकट हात यांच्याशी सहमत आहे, फक्त एक पुरवणी जोडतो. काही ठिकाणी गाडी लिफ्टवर घेऊन, गिअर टाकून पुढची चाके वेगाने फिरवतात आणि आवाज आला नाही की पुढची बेअरिंग चांगली असा निकाल देतात. त्या निकालावर विसंबू नये. हवेत लटकलेल्या चाकावर गाडीचे वजन नसते, आणि अर्धवट खराब झालेले बेअरिंग भार आल्याशिवाय बोलत नाही. लिफ्टवर आवाज आला तर तो पुरावा धरावा. नाही आला, तर काहीच सिद्ध होत नाही.

आणखी एक सूचना. बेअरिंगचा आवाज आहे हे जवळपास नक्की झाले आहे, तर काम होईपर्यंत लांबचा प्रवास आणि घाट टाळावा. अशी गाडी बरेच दिवस घरघरत चालते हे खरे, पण शेवटच्या टप्प्यात बेअरिंग तापून जाम होऊ शकते किंवा चाक डगमगू लागते, आणि तो टप्पा कधी येईल हे कुणी सांगत नाही.

यवतेश्वर

आज सकाळी तपासणी केली. पुढच्या चाकांना सुताराकडून आणलेले चार ठोकळे लावले, स्टँड शेजारच्यांकडून आणला.

आधी डावे चाक उचलले. फिरवल्यावर शूजचा हलका घासण्याचा आवाज, बाकी काही नाही. स्प्रिंगवरची बोटे शांत. मग उजवे. वर-खाली धरून हलवले, खेळ अजिबात नाही. फिरवले, तर कानाला डाव्यासारखाच आवाज, आणि क्षणभर वाटले की इथेही काही नाही. मग बोटे स्प्रिंगवर ठेवली. एका जागी बारीक, कोरडी कंपने आली, पुन्हा शांतता, पुन्हा तीच कंपने. लहानपणी आजी जात्यावर दळायची तेव्हा मी जात्याच्या कडेला हात लावून बसायचो, आणि एखादा खडा आला की तो हाताला आधी कळायचा. तसेच अगदी. आईला बोलावून तिचाही हात तिथे ठेवला. ती म्हणाली, "हेच ते."

उद्या त्याच गॅरेजमध्ये जाणार आहे. काम करून घेताना काय पाहावे?

मिशिगनवासी

इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे हब गंजून जागेवर चिकटतात आणि बेअरिंग बदलणे हा आम्हा मंडळींचा नेहमीचा उद्योग झाला आहे. त्या अनुभवावरून सांगतो.

तुमच्या वर्गातल्या काही गाड्यांत मागचे बेअरिंग ड्रममध्येच दाबून बसवलेले असते, काहींत हबसकट एकच भाग मिळतो. पहिला प्रकार असेल, तर बेअरिंग हातोडीने ठोकून बसवू देऊ नका, प्रेसवरच बसवायला सांगा. ड्रममध्ये दाबताना जोर बाहेरच्या रेसवरच यायला हवा. आतल्या रेसवर जोर दिला की तो छर्ऱ्यांमधून बाहेर जातो, रेसवर सूक्ष्म खळगे पडतात आणि नवे बेअरिंग हजारभर किलोमीटरमध्ये घूं करू लागते. मग लोक कंपनीला शिव्या घालतात.

तुमच्या गाडीत एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल, तर काही बेअरिंगच्या एका सीलमध्ये चुंबकीय कडे असते आणि सेन्सर त्यावरून चाकाचा वेग मोजतो. ते उलटे बसले की काम झाल्याबरोबर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो. मधला मोठा नट नवाच घ्यावा आणि उत्पादकाने दिलेल्या मापाने टॉर्क पान्यानेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच) आवळावा. तो फार मोठ्या जोराने आवळायचा असतो, अंदाजाचे काम नाही.

यवतेश्वर

काम झाले. गॅरेजमालकांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी स्वतः स्प्रिंगवर हात ठेवून पाहिले, थोडा वेळ काही बोलले नाहीत आणि मग या वेळची मजुरी घेणार नाही म्हणाले. बेअरिंग आणि नट यांचे १,९५० रुपये दिले. बेअरिंग ड्रममध्येच होते. प्रेसवर काम झाले, मी शेजारी उभा होतो. एबीएसचा दिवा लागला नाही.

जुने बेअरिंग मी तिथेच ग्राइंडरने कापून घेतले. ग्रीसचा रंग ताकात कालवलेल्या चिखलासारखा झाला होता. ते पुसल्यावर बाहेरच्या रेसवर, आतल्या बाजूच्या रांगेच्या वाटेत, तांदळाच्या दाण्याएवढा एक खड्डा दिसला आणि त्याच्या पुढे-मागे तपकिरी ठिपक्यांची ओळ. छर्ऱ्यांपैकी तिघांचे तेज गेले होते, बाकीचे आरशासारखे होते. दुसरी रांग जवळजवळ नवी वाटत होती.

संध्याकाळी आईला घेऊन वाढे फाट्यापर्यंत जाऊन आलो. ७० ला फक्त टायरचा आणि वाऱ्याचा आवाज.

रोजचा हडपसर

फारच छान, अभिनंदन. एक शंका आहे. एका बाजूचे गेले म्हणजे दुसऱ्या बाजूचेही बदलावे, असे शॉकअपच्या बाबतीत सांगतात. बेअरिंगचेही तसेच आहे का?

तेलकट हात

नाही. शॉकअप जोडीने बदलतात, कारण एक नवा आणि एक थकलेला असला की गाडी दोन बाजूंना वेगवेगळी वागते. बेअरिंगच्या बाबतीत तसे काही होत नाही, चांगले बेअरिंग काढणे म्हणजे पैसे फेकणे आणि जोखीम विकत घेणे. मात्र धागाकर्त्यांची डावी बाजूही त्याच पाण्यातून गेली आहे. म्हणून महिन्याने एकदा, आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा एकदा, डावे चाक उचलून स्प्रिंगवर बोटे ठेवावीत. तोवर उजव्या वळणावर काही ऐकू येते का, इकडे लक्ष असू द्यावे.

यवतेश्वर

तसेच करतो. आईने आता जागा बदलली आहे, ती डावीकडे बसते.